गण्या, अपूर्णांक आणि शाळेची घंटा

खडूची भुकटी | रविवार, २४ ऑगस्ट, रात्री ९:४०

या जूनपासून सहावीचा वर्ग माझ्याकडे आला. पट ४१. त्यातल्या चाळीस जणांबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन, हा धागा एकेचाळिसाव्यासाठी. त्याला इथे गण्या म्हणते, खरं नाव वेगळं आहे.

गण्याचा क्रम ठरलेला. गणिताचा तास सुरू झाला, मी फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज मांडली, की पहिल्या दहा मिनिटांत काहीतरी होणारच. खोडरबराचे बारीक तुकडे करून पुढच्याच्या कॉलरीत सोडणं, कंपासपेटी पाडणं (तीही अशी बेतून की करकटक घरंगळत पार फळ्यापर्यंत यावं), नाहीतर कोंबड्याचा आवाज. मी एकदा दटावते, दुसऱ्यांदा आवाज चढवते, तिसऱ्यांदा "ऊठ, बाहेर उभा राहा". तो जातो. वर्ग शांत होतो. मी हुश्श करते आणि छेद समान करायला घेते.

गेले दोन आठवडे मी एका कागदावर खुणा करून ठेवल्या. गण्या नऊ वेळा बाहेर गेला, त्यातल्या सात वेळा गणिताच्या तासाला. मराठीच्या तासाला एकदाही नाही.

शुक्रवारी वर्गाला उदाहरण सोडवायला देऊन मी खिडकीतून पाहिलं, की हा बाहेर नेमकं करतो काय. व्हरांड्याच्या टोकाला शिपाईमामा बसतात. त्यांच्या डोक्यावर रुळाचा तुकडा टांगलाय, तीच आमची घंटा. मामांचा खांदा धरलाय, हात वर जात नाही. तास संपत आला की मामा लोखंडी दांडा गण्याच्या हातात देतात. गण्या चवड्यांवर उभा राहतो, जीभ दातांत धरतो आणि असा टोला हाणतो की आख्खी शाळा त्याच्या हुकमाने उठते.

म्हणजे मी देत होते ती शिक्षा नव्हतीच. अपूर्णांकांतून सुटका आणि वर घंटेचा मान! डी.एड.ला "धन व ऋण प्रबलन" यावर टीप लिहून मार्क मिळवले होते, तेवढ्यावर ते प्रकरण संपलं होतं.

हात मी उचलत नाही, उचलायचाही नाही. पण मग करू काय? शिक्षक, पालक, मानसशास्त्रवाले, सगळ्यांनी लिहा.

---

फोडणीचा भात | रात्री १०:०५

घंटेवर हसू आवरेना. वाचनखूण साठवली.

एक बाळबोध प्रश्न: ऋण प्रबलन म्हणजे शिक्षाच ना? शाबासकी धन आणि छडी ऋण, असंच आम्हाला शिकवलं होतं.

---

प्रयोगवही | रात्री १०:५२

भातराव, नाही. आणि ही चूक इतकी पसरलेली आहे की काही गाइडांतही सापडते.

प्रबलन म्हटलं की वागणूक *वाढते*. धन असो वा ऋण. वागल्यावर हवीशी गोष्ट हाती पडली आणि म्हणून ते वागणं वाढलं, तर धन प्रबलन. वागल्यावर नकोशी गोष्ट टळली आणि म्हणून वाढलं, तर ऋण. धन-ऋण म्हणजे नुसती बेरीज-वजाबाकी, चांगलं-वाईट नव्हे. वागणूक *कमी* झाली तरच ती शिक्षा. गाडीत बसल्यावर पट्टा लावेपर्यंत ती टिंगटिंग डोकं खाते ना? पट्टा लावला की थांबते, म्हणून आपण पट्टा लावतो. हे ऋण प्रबलन, यात कोणी कोणाला शिक्षा केलेली नाही. हे सगळं नीट मांडलं स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने, १९३८ च्या आसपास, उंदरांवर प्रयोग करून. तो स्वतः शिक्षेच्या विरोधात होता, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आता गण्याकडे या. कोंबडा आरवला, अपूर्णांक टळले: ऋण. कोंबडा आरवला, घंटा मिळाली: धन. एका आरोळीला दोन्ही. मी गण्याच्या जागी असतो तर मीही आरवलो असतो.

पण बाई, तुमच्या लिखाणातलं एक वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटलं. "वर्ग शांत होतो. मी हुश्श करते." इथे नकोशी गोष्ट कोणाची टळली? तुमची. त्याला बाहेर काढलं की गोंगाट थांबतो, म्हणून पुढच्या वेळी तुम्ही त्याला आणखी लवकर बाहेर काढणार. त्या वर्गात ऋण प्रबलन दोघांना मिळतंय. छडी इतकी वर्षं टिकली ती याचमुळे. पोरं सुधारली की नाही ते सहा महिन्यांनी कळतं, पण मारणाऱ्याला शांतता त्याच सेकंदाला मिळते.

---

खडूची भुकटी | रात्री ११:१०

हे वाचून दोन मिनिटं नुसती बसून राहिले. खुणा बघितल्या. पहिल्या आठवड्यात तिसऱ्या दटावणीनंतर बाहेर काढत होते, दुसऱ्या आठवड्यात पहिल्याच.

---

जुना खोडरबर | सोमवार, सकाळी ६:१५

३४ वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापक म्हणून. उंदीर वगैरे ठीक आहे. माझ्या वर्गात साठ पोरे होती, त्यात चौथी आणि तिसरी एकत्र. कोणाच्या कुठल्या वागण्याला काय प्रबलन मिळाले याचा हिशेब ठेवायला बसलो असतो तर शिकवले कधी असते? छडी मीही वापरली आहे. ते मिरवत नाही आणि लपवतही नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली, तेव्हा स्टाफरूममध्ये "आता पोरे डोक्यावर बसणार" असा एकच सूर होता. बसली नाहीत. आधी जी बसलेली होती तीच बसलेली राहिली.

मात्र बक्षिसाबद्दल एक पाहिलेली गोष्ट सांगतो. १५ ऑगस्ट १९९५ ला पोषण आहाराची योजना आली. सुरुवातीला आमच्याकडे शिजवलेले काही नव्हते. महिन्याला ८० टक्के हजेरी असेल त्या पोराच्या घरी ३ किलो तांदूळ. महिनाअखेरीस पिशव्या घेऊन बायाबापड्यांची रांग लागायची. तांदूळ घरात जायचा. पोराच्या दृष्टीने मंगळवारी सकाळी शाळेत येणे आणि महिन्याने आईच्या पिशवीत तांदूळ पडणे यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. मास्तरांवर मात्र ८० टक्के लिहिण्याचा दबाव, तो किती जणांनी कसा निभावला ते विचारू नका.

मग २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलेच अन्न द्या असा आदेश दिला आणि पुढे खिचडी सुरू झाली. तोच तांदूळ, तेच पोर. पण आता अकरा वाजता हळद-मोहरीचा वास वर्गात यायचा आणि मधल्या सुट्टीला ताट हातात. पाटी-पेन्सिल विसरतील, पण ताटली विसरायची नाहीत. ते तुमचे प्रबलन का काय ते असेल तर हे आहे.

आणि बाई, एक प्रश्न. तो मुलगा पाचवीत कुठे होता? गेल्या वर्षीचे हजेरीपत्रक काढून बघा.

---

प्रयोगवही | सकाळी ८:३०

सर, तांदूळ-खिचडीचं उदाहरण वर्गात सांगायला चोरतो आहे. प्रबलन लगेच मिळालं पाहिजे हे पुस्तकात एका ओळीत असतं.

त्यावरून आठवलं. १९५३ मध्ये स्किनर आपल्या मुलीच्या चौथीच्या वर्गात गणिताच्या तासाला पालक म्हणून जाऊन बसला. सगळी मुलं एकच उदाहरण सोडवत होती, काहींचं केव्हाच झालेलं, काही अडून बसलेली, आणि बरोबर आलं की चूक हे कोणालाच लगेच कळणार नव्हतं. ते बघून त्याने घरी शिकवण्याचं यंत्र बनवायला घेतलं. तपासलेली वही दोन दिवसांनी परत देणारे आपण सगळे त्या तासातच अडकलेलो आहोत.

---

कडू कारलं | सकाळी ९:१२

सगळं हुशारीचं चाललंय, पण मला यातलं काहीच पटत नाही. माझी मुलगी उंदीर नाही. तिने खरं बोलावं ते खरं बोलायचं असतं म्हणून, चॉकलेट मिळतं म्हणून नव्हे. तुम्ही पोरांना कुत्र्यासारखं शिकवणार आणि मोठेपणी ती पगारवाढीशिवाय बोट हलवत नाहीत म्हणून लेख पाडणार.

---

चिमणीचं घरटं | सकाळी ९:४८

कारलंताई, कडू बोललात पण माझ्या घरचं बोललात. धाकटा पहिलीत असताना फ्रिजवर चांदण्यांचा तक्ता लावला. दात घासले एक चांदणी, दप्तर भरलं एक चांदणी, दहा झाल्या की आइस्क्रीम. तीन आठवडे घर म्हणजे स्वर्ग. चौथ्या आठवड्यात आजोबांनी पाणी मागितलं तर हा विचारतो, "किती चांदण्या?" सासऱ्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी जन्मात विसरणार नाही. तक्ता त्या रात्रीच उतरवला.

---

प्रयोगवही | दुपारी १:२०

"किती चांदण्या" वर एक प्रसिद्ध प्रयोग आहे. १९७३, लेपर, ग्रीन आणि निस्बेट. बालवाडीतली मुलं घेतली, मुळात चित्रं काढायला आवडणारी. एका गटाला आधीच सांगितलं की स्केचपेनने चित्र काढलंत तर छानसं प्रशस्तिपत्र मिळेल, वर सोनेरी चांदणी आणि रिबीन. दुसऱ्या गटाला काही न सांगता शेवटी अचानक दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. काही दिवसांनी तेच स्केचपेन वर्गात नुसते ठेवले. सौदा करून चित्र काढलेली मुलं आता बाकीच्यांच्या निम्मा वेळच त्यांच्याकडे वळली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं.

म्हणजे बिघडवतो तो आधी ठरवलेला सौदा, आणि तोही जे मूल आपणहून करत होतं त्यावर लावलेला. आजोबांना पाणी तो आधी फुकट देत होता ना?

पण गण्याला अपूर्णांक आपणहून आवडत होते, अशातला भाग नाही. तिथे मारायला आवडच शिल्लक नाही. म्हणून कारलंताईंशी मी अर्धाच सहमत.

---

दारची तुळस | दुपारी ३:०५

न्यू जर्सीहून. मुलीच्या शाळेत भिंतीवर रंगांची पट्टी असायची. हिरवा, पिवळा, लाल, आणि प्रत्येकाच्या नावाचा कपड्याचा चिमटा. चुकलं की सगळ्यांसमोर उठून आपला चिमटा आपणच खाली सरकवायचा. माझी मुलगी वर्षभर हिरव्यावर होती, कधी पिवळ्यावर गेली नाही. आणि रोज सकाळी तिचं पोट दुखायचं. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. जूनमध्ये शाळा सुटली आणि पोटदुखी गेली.

---

कडू कारलं | दुपारी ३:३०

हेच म्हणत होते मी. शिक्षा एकीला, पोट चाळीस जणींचं दुखतं.

---

परसातली भेंडी | दुपारी ४:४५

पालघरकडची आहे, बालवाडीत शिकवते. आमच्या परंपरेत या वादाचं उत्तर वेगळंच दिलेलं आहे. गिजुभाई बधेकांनी भावनगरला १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं, तिथे मारही नाही आणि बक्षीसही नाही. दोन्हींना त्यांचा सारखाच विरोध. ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर तिथे होत्या. पुढे १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं, नंतर कोसबाडला. अनुताई वाघ जोडीला.

तिथे आदिवासी मुलं शाळेत येईनात, कारण ती गुरं राखायला जायची. चांदण्या वाटून किंवा दंड लावून ती आली असती का? यांनी काय केलं, तर शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. गुरं चरतायत, पोरं तिथेच शिकतायत. मुलाला वाकवण्याआधी शाळा किती वाकते ते बघावं, असं आमच्याकडे जुन्या बाया सांगतात.

---

फोडणीचा भात | संध्याकाळी ६:२०

कुरणशाळा हा शब्दच पहिल्यांदा ऐकला. धन्यवाद, ताई.

दंडावरून: आमच्या सोसायटीतल्या पाळणाघराने उशिरा येणाऱ्या पालकांना पन्नास रुपये दंड लावला. आधी मी धापा टाकत पोचायचो आणि मावशींची माफी मागायचो. आता वाटेत भाजी घेऊन येतो. पन्नास रुपये दिलेत ना!

---

प्रयोगवही | संध्याकाळी ७:००

तुमच्यावर शोधनिबंध आहे! इस्राएलमधल्या हैफा शहरातली दहा पाळणाघरं, त्यातल्या सहांत उशिराबद्दल १० शेकेल दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला, जवळजवळ दुप्पट झाला. दंड काढून टाकला तरी खाली आला नाही. नीझी आणि रुस्तिचिनी, २०००. लाजेची जागा एकदा किमतीने घेतली की लाज परत येत नाही.

बाईंसाठी एक कामाचा प्रयोग, १९६८ चा. मॅडसन, बेकर आणि मंडळींनी पहिलीच्या एका वर्गात मोजलं, की बाई "खाली बसा" म्हणतात तेव्हा काय होतं. बाईंना ते वरचेवर म्हणायला लावलं तर मुलं *जास्त* उठायला लागली. ओरडल्यावर क्षणभर बसतात, म्हणून बाईंना वाटतं उपयोग झाला. पण एकूण उठणं वाढतं, कारण उठलं की बाई बघतात. मग बसून काम करणाऱ्यांचं कौतुक सुरू केलं, उठणं कमी झालं. मुलाला आपलं लक्ष हवं असतं. ते रागाने दिलं तरी चालतं त्याला.

---

खडूची भुकटी | सोमवार, ६ ऑक्टोबर, रात्री ८:५५

धागा वर काढते आहे, क्षमस्व. सहामाही जवळ आली, म्हणून उशीर.

आधी खोडरबर सरांच्या प्रश्नाचं उत्तर. पाचवीचं हजेरीपत्रक काढलं. दिवाळीनंतर ते गुढीपाडव्यापर्यंत गण्याच्या नावापुढे एकही दिवस भरलेला नाही. आईबाप ऊसतोडीला जातात, हा त्यांच्याबरोबर फडावर. समच्छेद, लसावि, सगळं त्याच महिन्यांत झालेलं. मी त्याला फळ्यावर जे दाखवत होते ते त्याच्यासाठी कानडी होतं. चाळीस जणांसमोर येत नाही म्हणण्यापेक्षा कोंबडा आरवलेला बरा. चक्रम मी होते.

मग असं केलं. मामांना भेटून सांगितलं, की बाहेर काढलेल्याला दांडा द्यायचा नाही. घंटा आता आतून मिळणार. गण्याची पाच उदाहरणं झाली, की तास संपताना त्याने जाऊन टोला द्यायचा. पाच उदाहरणंही माझ्या पुस्तकातली नाहीत. पहिल्या आठवड्यात नुसते कागद दुमडायचे. भाकरीचे चार भाग, आठ भाग. दोन छेद चार आणि चार छेद आठ एकावर एक ठेवून त्यानेच मला दाखवलं, "बाई, हे सारकंच हाय की". मी तेव्हा शाब्बास म्हणायलाही विसरले.

आणि आरवण्याकडे अजिबात बघायचं नाही असं ठरवलं. इथे माझी परीक्षा झाली. दोन दिवस आवाज वाढला. तिसऱ्या दिवशी गडी बाकावर उभा राहून आरवला, पंख हलवून. वर्ग लोळतोय, शेजारच्या वर्गातून सर डोकावतायत आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी, ओठ चावत. प्रयोगवहींनी व्यक्तिगत निरोपात आधीच बजावलं होतं, की विलोपन (म्हणजे वागण्याला मिळणारं प्रबलन बंद करणं) सुरू केलं की आधी उसळी येते आणि तेव्हाच नेमका माणूस हार मानतो. मी एकदा मानलीच. ओरडले. त्याचा भुर्दंड म्हणून पुढचा आठवडा गेला.

फसलेलंही सांगते. इतर पोरांनी विचारलं, "आम्ही गप बसतो, तर आम्हाला घंटा का नाही?" बरोबर होतं त्यांचं. दोन मुलींनी तर मुद्दाम कंपासपेट्या पाडून पाहिल्या. आता घंटेची पाळी लावली आहे, सगळ्यांची, हजेरी क्रमांकाने. मंगळवार-गुरुवार मात्र गण्याचे. वर्गाने मतदान करून दिले, मी सांगितलं नव्हतं. का दिले विचारलं तर मॉनिटर म्हणाली, "त्याचा टोला लांब ऐकू जातो".

नऊच्या जागी आता दोन आठवड्यांत एक. गेल्या मंगळवारी मधली सुट्टी चार मिनिटं आधी झाली. मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं. त्याची पाच उदाहरणं लवकर झाली होती.

---

कडू कारलं | रात्री ९:१४

पंख हलवून? :D

बाई, घंटा देऊन नव्हे, कागद दुमडून जमलंय हे. एवढं मी म्हणणारच.

---

प्रयोगवही | रात्री ९:३०

घंटा नसती तर कागद दुमडायला बसला असता का? (भांडत नाही, खरंच विचारतो आहे.)

---

खडूची भुकटी | रात्री ९:४१

मला सांगता येणार नाही. दोन्ही एकदमच सुरू केलं.

मला वेगळीच काळजी आहे. मुकादमाने उचल (आगाऊ पैसे) दिली आहे, दिवाळी झाली की टोळी निघेल. आजी गावातच असते, पण तिला दिसत नाही, पोराचं जेवणखाण तिच्याने होणार नाही. तो गेला तर पाडव्याला परत येईल तो पुन्हा कोंबडा होऊनच.

---

जुना खोडरबर | मंगळवार, पहाटे ५:५०

बाई, आईबाप ऊसतोडीला गेले तरी पोरे गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृह असते, ते शाळा व्यवस्थापन समितीच चालवते. तुमच्या शाळेत आहे का? नसेल तर समितीची बैठक आजच लावायला सांगा, टोळी निघाल्यावर उपयोग नाही. स्थलांतर होणाऱ्या सगळ्या पोरांची नावे एकत्र काढा, एकट्याचे कोणी ऐकत नाही. बापाशी मुकादमासमोर बोलू नका. सायंकाळी घरी जाऊन बोला, आणि बोलताना आजीला शेजारी बसवा.

काही अडले तर निरोप टाका. मी पाचला उठतो.